एकविसाव्या नळीपासून

भोपाळच्या अवधपुरीत राहून बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीला दुधाची पिशवी आणायलाही सुखानं खाली उतरता येत नाही. जिन्यात कुणी ना कुणी गाठतंच. "काय शिकतेस गं तू?" "बी.एस्सी. बायोकेमिस्ट्री." "म्हणजे डॉक्टर होणार?" "नाही." "मग औषधाचं दुकान?" "नाही हो काकू." "अगंबाई, मग पुढे काय?"

पहिल्या वर्षी विनिता उत्साहानं सांगायची. औषधं बनवणाऱ्या कंपन्या असतात, अन्नाची तपासणी असते, हॉस्पिटलच्या लॅब असतात, संशोधन असतं. समोरची बाई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो का? पण शेवटी शाळेत मास्तरीणच ना." दुसऱ्या वर्षी तिनं यादी अर्ध्यावर आणली. तिसऱ्या वर्षी ती नुसतं "बघू" म्हणायला लागली, आणि आपण बाबांसारखं बोलायला लागलो हे लक्षात येऊन तिची आणखीच चिडचिड झाली.

बाबांचा 'बघू' सगळ्या घराला ठाऊक होता. दिगंबर कारखान्यात तपासणी विभागात होते. टर्बाइनचे सुटे भाग मापात आहेत का ते बघायचं, नसतील तर परत पाठवायचे, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला माणूस, भोपाळमध्ये रुळला, पण बोलणं आणि हट्ट दोन्ही साताऱ्याचेच राहिले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एम.एस्सी.साठी पुण्याला किंवा बडोद्याला जायचं, तिथे हॉस्टेलवर राहायचं, हे विनितानं काढलं की ते पेपर उलटत म्हणायचे, "बघू." मग थोड्या वेळानं, जणू दुसराच विषय काढतोय अशा आवाजात, "बी.एड.ला काय वाईट आहे? मान आहे, सुट्ट्या आहेत."

शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा एप्रिलमध्ये संपली. एम.एस्सी.च्या फॉर्मची मुदत जूनच्या दहा तारखेपर्यंत होती. आणि मधल्या मे महिन्यात बाबांनी शिबिर काढलं.

त्याचं असं झालं की दिगंबर अकरा वर्षांपासून मधुमेही. सकाळी एक गोळी, रात्री दोन. या हिवाळ्यात त्यांना कुणीतरी मेथीच्या पाण्याचं सांगितलं. रात्री मेथ्या भिजत घालायच्या, सकाळी उपाशीपोटी पाणी प्यायचं, वर चाळीस मिनिटं चालायचं. एखादा माणूस स्वतः प्याला असता आणि गप्प बसला असता. पण दिगंबर मराठी मंडळाचे सचिव. रोज पहाटे साडेपाचला मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या ग्लासचा फोटो पडायचा. बघता बघता तीस-चाळीस घरांत मेथ्या भिजायला लागल्या. तीन महिने झाल्यावर त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. "नुसतं बरं वाटतंय म्हणून चालत नाही," ते म्हणाले. "मोजलं पाहिजे." एम. पी. नगरमधली एक लॅब मोफत रक्ततपासणी करून द्यायला तयार झाली, आणि मेच्या दुसऱ्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये टेबलं लागली.

नळ्यांवर नंबर आणि नाव लिहायचं काम विनिताला मिळालं. "अनायासे तुझ्या विषयातलंच आहे," बाबा म्हणाले, आणि तिला उगाच बरं वाटलं. रक्त काढायला लॅबनं कांचन नावाची मुलगी पाठवली होती. चटपटीत, हसतमुख, एका टोचण्यात काम. साडेसातला सुरुवात झाली. मंडळाचे खजिनदार मिलिंदकाका सहाव्या नंबरला बसले. विनिता लिहीत होती, चिकटवत होती, पुढे सरकवत होती. वीस जण झाल्यावर कांचननं खोक्यात हात घातला आणि म्हणाली, "दीदी, ग्रे वाली खतम हो गई. बाकी लाल में ले लेते हैं. शुगर तो दोनों में आ जाती है."

विनिता म्हणाली, "ठीक है." आणि तिनं लाल टोपीच्या नळीवर एकवीस लिहिलं.

इथे, बरोबर इथे, कुणीतरी तिच्या डोक्यात टपली मारायला हवी होती. पण कोण मारणार? तिला भूक लागली होती, पंखा गरम हवा फेकत होता, आणि रांगेत काशिनाथकाका "चला चला, पोहे थंड होतायत" म्हणून घाई करत होते. तिनं सत्त्याण्णवपर्यंत लिहिलं. तिचा स्वतःचा नंबर एकोणनव्वद, आईचा नव्वद, बाबांचा सगळ्यात शेवटी, कारण सचिवानं शेवटीच बसायचं असतं. मग सगळ्यांनी पोहे-जिलबी खाल्ली. लॅबची गाडी अकराला येणार होती. ती दुसऱ्या कुठल्या शिबिरात अडकली आणि साडेचारला आली. तोवर नळ्यांचा स्टँड हॉलच्या खिडकीपाशी, जिलबीच्या कढईपासून चार हातांवर उभा होता. बाहेर बेचाळीस डिग्री होतं.

बुधवारी रिपोर्ट आले आणि अवधपुरीत दिवाळी झाली.

दिगंबर, उपाशीपोटी साखर चौऱ्याऐंशी! अकरा वर्षांत एकदाही दीडशेच्या खाली न आलेला माणूस! काशिनाथकाका, जे दोन वर्षांपासून इन्सुलिन टोचून घेत होते, त्यांची एकशे दोन. ग्रुपवर हात जोडलेल्या आणि टाळ्या वाजवणाऱ्या चित्रांचा पूर आला. ज्या घरांत मेथ्यांची चेष्टा चालायची तिथेही त्याच रात्री भिजल्या. सिंधूकाकूंनी, म्हणजे काशिनाथकाकांच्या बायकोनं, वाटीभर श्रीखंड आणून दिलं आणि बाबांनी ते अकरा वर्षांनी मिटक्या मारत खाल्लं. एकटे मिलिंदकाका तोंड पाडून होते. त्यांची एकशे शहात्तर आली होती. "मी रोज पितो हो," ते प्रत्येकाला सांगत सुटले, आणि प्रत्येकजण "हं" म्हणून दुसरीकडे बघत होता. बाबा तर त्यांना चक्क म्हणाले, "मिलिंदराव, पाण्याशी बेइमानी चालत नाही."

गुरुवारी सकाळी बाबांनी गोळी घेतली नाही. पाकीट उचलून शोकेसच्या वर ठेवलं आणि म्हणाले, "झालं हिचं काम."

विनिताला त्यात काही खटकलं नाही, याबद्दल तिनं नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही. उलट तीही खूश होती. तिचं लक्ष गेलं ते आईच्या रिपोर्टकडे. शकुंतला, साखर सत्तेचाळीस. खाली लॅबच्या माणसानं शेरा मारला होता: अशक्तपणा, खाण्यात गोड वाढवा.

"आई, तुला चक्कर येते का?"

"मला? कशाला?"

"रविवारी सकाळी थरथरल्यासारखं झालं होतं? घाम?"

"घाम कुणाला आला नव्हता? शंभर माणसांचे पोहे केले मी, सिंधूताईंना विचार." आई कणीक मळत होती. "आणि आता हे लोक मला गूळ खा म्हणतायत. तुझे बाबा श्रीखंड खाणार, मी गूळ खाणार. मजा आहे."

सत्तेचाळीस साखर असलेली बाई शंभर माणसांचे पोहे करत नाही. ती खुर्चीत कोसळते. विनितानं आपला रिपोर्ट काढला. एक्केचाळीस. तिनं ग्रुपवरची पूर्ण यादी उघडली आणि नंबरानुसार खाली खाली जायला लागली. एक ते वीस, सगळं जिथल्या तिथे. ज्यांना साखर होती त्यांना होती, ज्यांना नव्हती त्यांना नव्हती. एकविसापासून मात्र सगळे मधुमेही ठणठणीत झाले होते आणि सगळे ठणठणीत लोक बेशुद्ध पडायच्या बेतात होते.

याचं उत्तर तिला येत होतं. येत होतं म्हणजे काय, तिनं ते लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या पेपरात, दहापैकी नऊ मार्क. रक्त नळीत काढलं म्हणून मरत नाही. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून साखरेच्या तपासणीला राखाडी टोपीची नळी घ्यायची, तिच्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं खाणं थांबवतं. लाल टोपीच्या नळीत तसलं काही नसतं. तिच्यात घेतलं तर लगेच लॅबमध्ये नेऊन पेशी वेगळ्या करायला हव्यात. साडेचारपर्यंत कढईशेजारी ठेवायचं नसतं. हे सगळं तिनं सुवाच्य अक्षरात, आकृतीसकट लिहिलं होतं. आणि त्याच हातानं सत्त्याहत्तर लाल नळ्यांवर नावं घातली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

बाबा कारखान्यातून येईपर्यंत ती घरभर येरझाऱ्या घालत होती. ते बूट काढत असतानाच तिनं सगळं सांगितलं. फक्त नावं कुणी लिहिली ते सांगितलं नाही, कारण ते त्यांना ठाऊकच होतं, आणि नसेल आठवत तर आठवण कशाला करून द्या, असं तिला त्या क्षणी वाटलं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे साखर नळीतल्या रक्तानं खाल्ली?"

"हो."

"आणि मेथीनं काहीच केलं नाही?"

"मेथीचं मला माहीत नाही, बाबा. पण हा आकडा खोटा आहे."

"विनिता, तू डॉक्टर आहेस का?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. तीन वर्षं हेच लोक विचारत होते की या शिक्षणाचा उपयोग काय. तीन वर्षांत पहिल्यांदा उपयोग समोर उभा राहिला, तर म्हणे तू डॉक्टर आहेस का. तिनं कपाटातून बोटाला टोचून साखर बघायचं घरचं यंत्र काढलं. शुक्रवारी सकाळी बाबांच्या मागे लागून लागून एक थेंब मिळवला. दोनशे एकतीस.

"हे खेळणं चार वर्षांचं आहे," बाबा म्हणाले. "त्याच्या पट्ट्याही कपाटात किती दिवस पडल्यायत कोण जाणे. लॅब ती लॅब."

"मग लॅबमध्ये चला. आत्ता."

"रविवारी सत्कार आहे माझा. झाल्यावर बघू."

रविवारी खरंच सत्कार होता. शिबिराच्या यशाबद्दल मंडळ सचिवांना आणि लॅबवाल्यांना शाल-श्रीफळ देणार होतं.

विनिता स्कूटी काढून एम. पी. नगरला गेली. कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या जंगलात ती लॅब सापडायलाच अर्धा तास लागला. काउंटरवर दुबेजी म्हणून मॅनेजर होते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि मान हलवली. "देखिए बेटा, हमारी मशीन एकदम नई है. रोज कॅलिब्रेशन होता है. गलती का सवाल ही नहीं."

"मशीन चुकलं असं नाही म्हणत मी... मतलब मशीन तो सही है. जो ट्यूब में बचा था, वही उसने नापा. ट्यूब में शुगर बची ही नहीं थी."

"आप कहाँ पढ़ती हैं? कौन से ईयर में?"

"फाइनल हो गया. बायोकेमिस्ट्री."

"अच्छा अच्छा," दुबेजी कौतुकानं म्हणाले. "तो आगे क्या सोचा है?"

ती उठली. जिन्यात उभं राहून तिनं निगम मॅडमना फोन लावला. निगम मॅडम तिच्या विभागप्रमुख, पाठ्यपुस्तकाचं पान नंबरासकट सांगणाऱ्या. "हाँ, ग्लायकोलिसिस, युनिट टू," नळीतल्या पेशींनी साखर खाल्ल्याचं ऐकताच मॅडम म्हणाल्या. "बिल्कुल सही पकड़ा तुमने." विनिताला भरून आलं. "मॅडम, आप एक चिट्ठी दे देंगी? कॉलेज के लेटरहेड पर? तो वो लोग मान जाएँगे." "बेटा, इस चक्कर में मत पड़ो. तुम्हें एम.एस्सी. के फॉर्म भरने हैं, उस पर ध्यान दो." फोन ठेवल्यावर विनिता बराच वेळ त्या जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांकडे बघत उभी होती. सगळ्यांना सगळं येत होतं आणि कुणीही काही करत नव्हतं. तीही त्यांच्यातलीच होती.

शनिवारी सकाळी बाबांचा पाय सुजल्यासारखा वाटला. "चाळीसऐवजी पन्नास मिनिटं चाललो," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते तीनदा जास्तीचं पाणी प्यायले, दहा वेळा लघवीला उठले. आईनंही ते मोजलं. विनितानं ग्रुपवर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. बाबांच्या मंडळात, बाबांच्या सत्काराच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच मुलीनं तसं लिहायचं म्हणजे त्यांचं नाक कापल्यासारखं होतं. आणि कुणी ना कुणी विचारणारच होतं की तू तर तिथेच बसली होतीस.

रविवारी दहा वाजता हॉल भरला. मंचावर बाबा, लॅबचे दुबेजी आणि अध्यक्ष. भाषणं झाली. मेथीचं गुणगान झालं. शालीची घडी मोडून बाबांच्या खांद्यावर पडली तेव्हा ते असे काही लाजले की विनिताला त्यांची दया आली. तिनं ठरवलं, आज नाही. कार्यक्रम होऊ दे, घरी गेल्यावर पुन्हा सांगू, पाया पडून सांगू. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मग आमरस-पुरीची ताटं फिरायला लागली आणि काशिनाथकाका तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या वाटीत आमरस काठोकाठ होता. "दुसरी वाटी," ते डोळा मारून म्हणाले.

"काका, इन्सुलिन?"

"बुधवारपासून बंद. दोन वर्षं पोट टोचून टोचून चाळण झाली होती गं." ते हसले, पण त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि श्वास जरा उथळ चालला होता. "तुझ्या बाबांचे उपकार."

पाच दिवस. इन्सुलिनशिवाय पाच दिवस. आता नाक कापलं जावो की मान. तिनं काकांची वाटी त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घेतली, मंचापाशी गेली आणि माइक उचलला.

"ऐका जरा. मागच्या रविवारचे साखरेचे रिपोर्ट चुकीचे आहेत. कुणी गोळ्या बंद केल्या असतील, इन्सुलिन बंद केलं असेल, तर प्लीज आजच सुरू करा."

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. कुणी हसलं, कुणी "काय बोलतेय ही?" म्हणालं. दुबेजी हिंदीत अध्यक्षांना समजावायला लागले की बच्ची अभी पढ़ रही है. बाबा शालीसकट उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "विनिता, खाली ठेव ते."

ती पेशींचं सांगायला लागली. फ्लोराइड म्हणाली, ग्लायकोलिसिस म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला समोरच्या चेहऱ्यांवरून दिसलं की एकही शब्द पोचत नाहीये. एवढं साधं आहे आणि सांगता येत नाही! मग तिनं ते सगळं सोडलं. घरी उतरवून घेतलेल्या यादीचा कागद खिशातून काढला आणि बाबांच्या हातात दिला.

"बाबा, नंबरानुसार वाचा. पहिले वीस बघा. मग एकविसापासून बघा."

"माझा नंबर सहा," मिलिंदकाका मागून ओरडले. "आणि मी रोज पितो!"

"आणि माझी सत्तेचाळीस," आई म्हणाली. ती मंडळात आजवर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. पुऱ्यांची परात खाली ठेवून ती पुढे आली. "सत्तेचाळीसवर माणूस उभा राहत नाही म्हणे. मी पोहे करत होते. ज्यांना साखर नाही त्यांनी आपापले रिपोर्ट काढा की. किती जणांची पन्नासच्या खाली आहे?"

एक हात वर गेला. मग चार. मग पंधरा-सोळा, सगळे धडधाकट, हातात पुरी धरलेले.

दिगंबरांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला आणि वरून खाली बोट फिरवत गेले. वीसवर बोट थांबलं. ते परत वर गेले, परत खाली आले. एकतीस वर्षं ज्या नजरेनं त्यांनी पोलादाचे तुकडे परत पाठवले ती नजर त्यांच्या डोळ्यांत आलेली विनितानं पाहिली. सुटे भाग बरोबर येत असतात आणि अचानक एका नंबरापासून सगळे एकाच बाजूला चुकतात, तेव्हा भाग बदललेले नसतात. मोजायचं साधन बदललेलं असतं. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"विसाव्या आणि एकविसाव्याच्या मध्ये काय बदललं?" त्यांनी विचारलं. आवाज कारखान्यातला होता.

"नळी," विनिता म्हणाली. "राखाडी टोपीच्या संपल्या. पुढच्या सगळ्या लाल."

"कुणाला माहीत होतं?"

दुबेजींनी तोंड उघडलं, पण ते काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मला. मी समोर बसले होते. त्या नळ्यांवर नंबर मीच लिहिले."

बाबांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. माइक घेतला. "एकवीस ते सत्त्याण्णव, सगळे रिपोर्ट रद्द," ते म्हणाले. "पूर्ण लॉट. ज्यांनी माझं ऐकून औषध थांबवलं त्यांनी आत्ता घरी जाऊन घ्या. सिंधूवहिनी, काशिनाथला घरी नेऊ नका, हॉस्पिटलात न्या. मिलिंदराव गाडी काढतील. मिलिंदराव, मला माफ करा."

काशिनाथकाका हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्यांची साखर चारशे चाळीस होती. डॉक्टर म्हणाले, उद्या आणलं असतं तर आयसीयू. सलाइन लागली, इन्सुलिन सुरू झालं, आणि साडेतीनच्या सुमाराला ते "माझा आमरस कुठाय" असं विचारण्याइतके सावरले. तेव्हा दिगंबर आणि विनिता हॉस्पिटलच्या बाहेर आले. दुपार तापली होती. स्कूटी सावलीत लावलेली होती, पण सावली केव्हाच सरकली होती आणि सीटला हात लावला तर चटका बसत होता. दोघं तिच्याशेजारी नुसते उभे राहिले.

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. शाबासकी दिली नाही. ते चिडलेले होते, आणि ते कुणावर चिडलेत हे बहुधा त्यांनाही नीट ठरवता येत नव्हतं.

"दहापैकी नऊ मिळाले होते ना तुला त्या प्रश्नाला?" ते म्हणाले. "तुझी आई सांगत होती."

"हो."

"मग कांचन लाल नळी काढत होती तेव्हा का नाही बोललीस? एक शब्द. तिथल्या तिथे. काशिनाथ मेला असता आज."

विनिताला रडायचं नव्हतं. ती तीन दिवस सगळ्यांवर चिडली होती. दुबेजींवर, निगम मॅडमवर, बाबांवर, 'पुढे काय' विचारणाऱ्या झाडून सगळ्या बायकांवर. आता समोर चिडायला कुणी उरलं नव्हतं.

"मला ते पाठ होतं, बाबा," ती म्हणाली. "माहीत नव्हतं. त्या टोप्यांचे रंग मी कॉलेजात कधी बघितलेच नाहीत. आमच्याकडे रक्त येत नाही, पेशी वेगळ्या करायचं सेंट्रिफ्यूज बंद आहे, मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून आकडे उतरवतो आम्ही. तीन वर्षं. राखाडी म्हटलं की मी राखाडी लिहिते. समोर लाल नळी आली तर ती लाल आहे एवढंच दिसलं मला."

खिशातला रुमाल काढून दिगंबरांनी स्कूटीची सीट पुसली, उगाचच, धूळ नसताना. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांचा माल तपासला त्यानं घरच्या मुलीची मार्कशीट दर वर्षी नुसती बघितली होती आणि पेढे आणले होते.

"आणि तू जिथे जायचं म्हणतेस," शेवटी ते म्हणाले, "पुण्याला नाहीतर बडोद्याला, तिथे हातानं करून घेतात? का तिथेही उतरवूनच?"

तिनं तीन महिने त्या दोन्ही ठिकाणांची माहितीपत्रकं वाचली होती. फी, हॉस्टेल, अभ्यासक्रम, सगळं. हा प्रश्न कुणालाही विचारायचा असतो हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग आधी ते माहीत करून घे," दिगंबर म्हणाले. "फोन कर, नाहीतर आपण जाऊन बघून येऊ. लॅबचं दार उघडून बघू."

त्यांनी स्कूटी सुरू केली. ती मागे बसली. सीट अजून पोळत होती.